सिस्टरांनी उपटलेली वांगी

नगरला आमच्या कॉलनीच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. तिथे आम्ही पाच घरांनी मिळून भाजी लावली होती. वांगी, गवार आणि कडेच्या जाळीवर दोडका. मी निवृत्त शिक्षिका, मला वाफा कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. शिकवलं ते शेजारच्या सिस्टरांनी. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मूळच्या नेवाशाकडच्या, शेतात वाढलेल्या.

मे उलटत आला तसं नळाला चार दिवसांआड पाणी यायला लागलं. एकेक घर गळालं. "प्यायला पुरत नाही, वांगी कसली जगवताय?" समोरच्या वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचंही खरं होतं. उरलो आम्ही दोघी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि ऊन चढायच्या आत नेऊन घालायचं.

त्याच सुमारास सिस्टरांचं काहीतरी बिनसलं. एकाच वाफ्याला दोनदा पाणी घालायच्या, शेजारचा कोरडाच राहायचा. मला दिसत होतं. वय झालं, म्हणून मी सोडून दिलं. खरं तर विचारायची भीती वाटत होती.

एका सकाळी मला उशीर झाला. जाऊन बघते तर सिस्टर वाफ्यात मांडी घालून बसलेल्या, आणि शेजारी वांग्याच्या उपटलेल्या झाडांचा ढीग. मुळांची माती झटकून, एकावर एक नीट रचलेला. काहींना जांभळी फुलं होती, अंगठ्याएवढी वांगीही धरली होती.

"झालं बाई," त्या हसून म्हणाल्या. "तण लई माजलं हुतं. एकटीनं काढलं."

मी ओरडले. वर्गातल्या पोरांवर ओरडायचे तशी. "सिस्टर, अहो ही वांगी आहेत! दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी एक झाड उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं.

"व्हय? कुणी लावल्ती?"

मी बादली खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसले. आम्ही ती झाडं परत लावली. त्या खड्डा करायच्या, मी झाड धरायचे. होतं नव्हतं ते पाणी ओतलं. प्रत्येक झाडाला त्या "चुकलं माझं" म्हणत होत्या. दुपारपर्यंत सगळी माना टाकून पडली.

मी त्यांच्या मुलाला पुण्याला फोन केला. रविवारी तो बायकोला घेऊन गाडीने आला. "पंधरा दिवस नेतो," म्हणाला. गाडीत बसताना सिस्टरांनी माझा हात धरला आणि सुनेला सांगितलं, "या बाई लई चांगल्या हायेत. कुठं ऱ्हातात काय की."

त्याला आता दीड वर्ष झालं. त्या गेल्यावर आठवडाभर मी एकटीनेच दोडक्याला पाणी घातलं. वेल जगलीही असती. पण एकदा भरली बादली घेऊन फाटकापर्यंत गेले आणि पुढे पाऊलच उचलेना. पाणी तिथेच गटारीत ओतलं आणि घरी आले.

दिवाळीत मुलाचा फोन आला होता. "आई आता कुणालाच ओळखत नाही. एकदा येऊन भेटून जा." येते म्हणाले. अजून गेले नाही.