साळवे मामांच्या डोळ्यांत दोष नव्हता

साळवे मामांना आंधळं ठरवणारा माणूस काल त्यांच्याच शोकसभेत भाषणाला उभा राहिला.

दौंडच्या चर्चमध्ये. मामांना मातीत ठेवून आम्ही नुकतेच परतलो होतो.

मामा रेल्वेत ड्रायव्हर. रेल्वे कॉलनीच्या कोर्टवर टेनिस शिकले, पुढे अंपायरिंगची परीक्षाही पास झाले.

शिरूरला पुरुषांची प्रोफेशनल टेनिस स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ते सुट्टी टाकून लाईन अंपायर म्हणून गेले.

परदेशी खेळाडू, आणि आपल्या शिरूरला! मी पेपरसाठी बातम्या करायचो. बॉल आत की बाहेर ते सांगायला मामा कडक इस्त्रीत बेसलाईनमागे उभे असायचे.

आयोजक होते दादा. बडे बागायतदार, पुढारी.

दुसऱ्या वर्षी दादांच्या भाच्याला वाईल्ड कार्डवर थेट प्रवेश मिळाला. पहिल्याच फेरीत, समोरच्याला जिंकायला एकच पॉइंट हवा असताना, भाच्याचा फटका बेसलाईनजवळ पडला.

मामा ओरडले, "आउट!"

मुख्य अंपायर खुर्चीवरून उतरले. मातीवरचा बॉलचा ठसा वाकून पाहिला. आउटच.

भाचा हरला.

संध्याकाळी दादा सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, उद्या येऊ नका. तुमाला दिसत न्हाई. आन् तुमी गाडी चालवता व्हय?"

एवढ्यावर थांबले असते तर मी आज लिहिलं नसतं.

दादांनी रेल्वेत तक्रार केली. या ड्रायव्हरला दिसत नाही.

मामांना इंजिनवरून उतरवलं. तपासणी होईपर्यंत ऑफिसात बसवलं. डोळे ठणठणीत निघाले, मामा पुन्हा गाडीवर चढले.

पण स्टेशनात चेष्टा सुरू झाली ती झालीच.

"मामा, सिग्नल लाल हाय का हिरवा?"

मामा हसायचे. रिटायर होईपर्यंत हसत राहिले. मामी सांगतात, ज्या दिवशी चेष्टा व्हायची त्या दिवशी घरी जेवायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी स्पर्धा झालीच नाही. भाच्याने रॅकेट ठेवली, दादांचा टेनिसमधला रस आटला. कोर्टवर आता त्यांच्या मंगल कार्यालयाचं पार्किंग आहे.

आणि काल हेच दादा माईकवर म्हणाले, "मामांची नजर म्हंजी घारीची नजर. आसा अंपायर पुन्हा होणे नाही."

पहिल्या बाकावरून मामी उठल्या. रडत नव्हत्या.

"दादा, त्यांचे डोळे मी दान केलेत. दुसऱ्या कुणाला तरी दिसंल. तुमी एवढंच सांगा, त्यो बॉल आत व्हता का बाहेर?"

"वहिनी, ही काय वेळ हाय का?"

"मग कवा? तुमी माईक असंल तिथंच भेटता."

दादांनी पाद्रीसाहेबांकडे पाहिलं. पाद्रीसाहेबांना नेमकं तेव्हाच बायबलचं पान सापडेना.

"बाहेर," दादा पुटपुटले.

मामांचे इंजिनवरचे जुने असिस्टंट मागून ओरडले, "माईकात बोला दादा, मागं ऐकू येत न्हाई!"

"बाहेर होता."

स्पीकर घुमला. बाहेर चपलांपाशी उभी असलेली माणसंही आत डोकावली.

"बसा आता," मामी म्हणाल्या.

चर्चमध्ये असं वाटू नये, पण मला फार बरं वाटलं. अजून वाटतंय.

मामा, निरोप घेतो. शांत झोपा.

आणि दादा, तुम्हाला टॅग केलंय. काढलंत तर पुन्हा करीन.