शैलजाबाईंची तुला होणार नाही

शैलजाबाई परुळेकरांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या आवाजातून. आम्ही सिल्वासाजवळच्या नरोलीत कामगारांच्या चाळीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सातवीनंतर मला पॅकिंगच्या कामाला लावायचं घरात ठरत आलं होतं. तेवढ्यात खालून माझ्या शाळेतल्या या बाईंची हाक आली, "सुनंदाची आई, खाली या! पोरीला शाळेतून काढताय म्हणे?" बाईंचं शरीर अवजड, आमचा जिना अरुंद नि उभा, त्यांना वर येववत नसे. आईने जिन्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. बाईंनी तिथे बसून आईशी वाद घातला आणि मी शाळेत राहिले. ती खुर्ची पुढे 'बाईंची खुर्ची' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. आज सिल्वासातल्या त्याच शाळेत मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर शिकवते.

बाईंनी अशा पुष्कळ मुली शाळेत राखल्या, पण सगळ्या खालूनच. त्याची त्यांना फार टोचणी होती. "मूल कुठे बसून अभ्यास करतं ते न बघता मी काय डोंबल शिकवणार?" असं त्या म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, ती या जिन्यांसाठी. स्टाफरूममध्ये मात्र रोज एकच प्रश्न असे, "बाई, किती किलो उतरलं?" बाई आकडा डॉक्टरांखेरीज कुणालाही सांगत नसत. पुढे काही महिने वजन जागचं हलेना. ही बातमी कशी फुटली कोण जाणे! आमचे मोरेसर चुकचुकले, "ऑपरेशन वाया गेलं म्हणायचं." मला संताप आला. बाईंनी डब्यातली चार घास खिचडी सावकाश संपवली आणि मला म्हणाल्या, "चल गो, तुझ्या आईकडे."

कठडा धरून, मध्ये एकदा थांबून, बाई आमचा तोच उभा जिना चढल्या. आईच्या हातातलं लाटणं हातातच राहिलं आणि तोंडून अहिराणी निघाली, "माय वं! बाई, तुम्ही वर उनात?"

बाई चटईवर मांडी घालून बसल्या. मी जिथे अभ्यास करायचे ती खिडकीजवळची जागा त्यांनी विचारून घेतली. निघताना कुणाचाही हात न धरता उठल्या. माझे डोळे भरून आले. ही प्रगती नव्हे तर काय?

आता बाईंची साठी आणि निवृत्ती एकदम आली, तर सत्कार समितीने काय ठरवावं? गूळतुला! निवृत्त होणाऱ्याला गुळाने तोलायचं आणि तो गूळ मुलांना वाटायचा, ही आमच्या शाळेची जुनी पद्धत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण डोक्यातही काही नव्हतं. भरल्या मांडवात सगळ्यांच्या नजरा काट्यावर खिळल्या असत्या.

बाई सभेत उभ्या राहिल्या. "गूळ हवा तेवढा आणा. मी काट्यावर बसायची नाही. तो गूळ मी नरोलीत खोल्याखोल्यांतून वाटणार आहे. ज्यांना माझी प्रगती मोजायची असेल, त्यांनी माझ्या मागून जिने चढावेत."

मोरेसरांनी आतापासूनच सराव सुरू करावा, ही नम्र विनंती. आणि बाईंचा हा गौरवग्रंथ वाचताना कुणी अजूनही आकडा शोधत असेल, तर तो मला ठाऊक नाही; असता तरी सांगितला नसता.

बाई, तुम्हांला उदंड आयुष्य लाभो, तुमचे गुडघे असेच साथ देवोत आणि तुमचा आवाज असाच खणखणीत राहो. आईने निरोप दिलाय: गूळ घेऊन याल तेव्हा खाली खुर्ची मांडलेली नसेल.