ऐकू न आलेली शीळ

लॅपटॉप दुरुस्तीच्या त्या दुकानात दोन टेबलं होती. दाराजवळचं कानसेनांचं, आतलं त्यांच्या धाकट्या बहिणीचं. कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, गिऱ्हाइकांनी दिलेली पदवी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लॅपटॉपच्या पाठीला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले, की निदान तयार. "घरघर आहे, पंख्याचं तेल सुकलंय." "टकटक आहे, पात्याला वायर लागतेय." उघडून पाहावं तर तस्संच! बावीस वर्षं माणूस या पदवीवर जगला आणि, खरं सांगायचं तर, थोडा शेफारलाही.

बहिणीला हे काम त्यांनीच शिकवलं, आणि दुखणंही तेच होतं. गेली दोन वर्षं निम्मे लोक आत शिरले की कानसेनांच्या टेबलाला वळसा घालून थेट तिच्याकडे जात. दुकानाचा फोन ती घ्यायची. फोनवर गोड बोलून ही माझी माणसं पळवते, असं कानसेनांनी मनाशी पक्कं केलं होतं. ती चहा पुढे करायची तेव्हा हे म्हणायचे, "ठेव तिकडे." चहा निवायचा, हे धुमसत राहायचे.

एका दुपारी भाषांतराचं काम करणाऱ्या एक बाई फोनबिन न करता आल्या आणि सरळ पहिल्या टेबलाशी थांबल्या. कानसेनांची छाती फुगली.

"पंखा शीळ घालतो हो. डोकं उठतं," बाई म्हणाल्या.

कानसेनांनी मूठ कानामागे टेकवली. डोळे मिटले. पंख्याची नेहमीची घूंघूं, बाकी काही नाही.

"काही नाहीये, मॅडम. मनाचे खेळ."

"दादा, येतेय शीळ," आतून बहीण म्हणाली. "मला इथवर ऐकू येतेय."

नाकाला मिरच्या झोंबल्या. गिऱ्हाइकासमोर गुरूची विद्या गुरूलाच!

"येतेय ते मलाही कळतंय. खात्री करत होतो," ते ठणकावून खोटं बोलले. "पंखाच गेलाय." मग रागारागात पाठ उघडली, जुना पंखा काढला, नवा बसवला आणि शेजारच्या, गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कालच्या शिकाऊ माणसालाही ही चूक त्यांनी माफ केली नसती. लॅपटॉप सुरू करून ते हसले. "बघा. कशी शांत झाली!"

बाई चाचरत म्हणाल्या, "अहो, तशीच वाजतेय की."

कानसेन पांढरेफटक पडले. बहीण उठून आली, जाळीत चिमटा घातला आणि धुळीचा नमद्यासारखा थर ओढून काढला. बाईंचा चेहरा लगेच सैल झाला.

"दादा नेहमी असंच करतात, आधी पंखा, मग जाळी," बहीण म्हणाली. बाई कानसेनांचेच आभार मानून गेल्या.

त्या दाराबाहेर पडताच कानसेन फुटले. "मोठेपणा दाखवतेस? दोन वर्षं माझी गिऱ्हाइकं फोनवरच पळवतेस, आणि वर ही मेहेरबानी?"

"पळवते?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "दादा, मी फोनवर एवढंच विचारते, आवाज जाड येतो की बारीक? जाड असला तर दाराजवळ दादांकडे द्या म्हणते, बारीक असला तर माझ्याकडे. बारीक आवाज तुला ऐकू येत नाही रे. दोन वर्षांपूर्वीच कळलं मला. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

कानसेन खाली बसले. ही खरोखर चोर निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. चोरावर मनसोक्त चिडता येतं. हिच्यावर कसं चिडणार? ज्या पदवीच्या तोऱ्यात ते हिचा चहा निववत होते, ती पदवी हीच सांभाळत बसली होती.

तेवढ्यात एक कारकून लॅपटॉप काखेत मारून आत आला. "कानसेन तुम्हीच ना? तुमचं नाव ऐकून आलोय. पंखा शिट्टी मारतो बघा."

बहीण घाईनं पुढे झाली. कानसेनांनी हात करून तिला थांबवलं.

"तिला ऐकवा," ते मोठ्यानं म्हणाले. "बारीक आवाज मला ऐकू येत नाही. ती सांगेल, मी उघडतो."

बहिणीच्या कानांचा हेवा त्यांना त्या क्षणीही वाटला, आणि पुढेही वाटत राहिला.