एस्तरकाकूंची लहाणी

आरतीची घंटा वाजली की एस्तरकाकू चपला काढायच्या, पदर सारखा करायच्या आणि हात सरळ खाली सोडून उभ्या राहायच्या. फतेगंजमधली आमची अख्खी सोसायटी टाळ्या वाजवत आरती म्हणत असायची. त्यातल्या निम्म्या बायका तेवढ्यात कुणाची चनियाचोळी कुठून आणली याची चौकशीही उरकून घ्यायच्या. काकूंची मान मात्र आरती संपेपर्यंत खाली असायची.

काकू मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे बडोद्याला आलेल्या. त्यांची रूथ माझ्याच वर्गात होती आणि गरब्यात आम्हा सगळ्यांहून सरस. नवरात्रात तिला घरात कोंडून ठेवावं असं काकूंच्या मनात कधी आलं नाही. "नाच खुशाल," त्या म्हणायच्या. "आरतीला मात्र माझ्याशेजारी येऊन उभं राहायचं. पूजा त्यांची आहे. आपण मान राखायचा, सोंग नाही करायचं." प्रसादही त्या घेत नसत, पण नको म्हणताना इतक्या गोड हसत की वाटणारीला राग येत नसे.

राग आला तो कांताबांना. सोसायटीत वयाने सगळ्यांत मोठ्या त्याच, आणि गरब्याची सगळी सूत्रंही त्यांच्याच हाती. हात न जोडणं म्हणजे माताजीचा अपमान, असं त्यांनी मनात धरलं होतं. आम्ही सातवीत असताना पहिल्याच माळेला त्यांनी सांगून टाकलं, "जे छोकरी आरतीमां हाथ न जोडे, ए गरबामां नहीं आवे."

रूथ रडून रडून लाल झाली. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तिला शहाणपण शिकवत होते. "नुसते जोड ना! मी तरी कुठे मनापासून जोडते? माझं सगळं लक्ष बुंदीकडे असतं."

पोळ्या लाटता लाटता काकू हसल्या. "तुझं तू तुझ्या देवीशी बघून घे, बाई." मग रूथकडे वळल्या. "मनात असेल तर जोड. मला वाईट वाटेल, पण मी अडवणार नाही. मनात नसताना जोडलेस तर मात्र त्यांच्या देवीलाही फसवलंस आणि आपल्या देवालाही."

रूथने नाक पुसलं. मग ती गॅलरीत जाऊन बसली. त्या वर्षी ती रोज तिथूनच गरबा बघायची. पाय आपले ताल धरतच असायचे.

आमच्याकडे नवरात्रात रोज एकेक घर नाचणाऱ्या मुलींना लहाणी देतं, म्हणजे वाटी, कंगवा, रुमाल अशी काहीतरी छोटीशी भेट. अष्टमीची लहाणी काकूंची ठरलेली. त्या वर्षी माझी आई त्यांना म्हणाली, "आता कशाला देता? तुमची पोर तर वर बसलीय." काकूंना प्रश्नच कळला नाही. "अहो, मुली नाचल्या ना?"

अष्टमीला आरती झाली, प्रसाद झाला आणि काकू पिशवी घेऊन पुढे आल्या. प्रत्येक मुलीच्या हातात त्यांनी स्टीलची वाटी ठेवली, गालावरून हात फिरवला. कांताबांच्या नातीच्या गालावरून तर जरा जास्तच मायेने. शेवटी पिशवीत एक वाटी उरली.

"आ कोनी?" कांताबांनी विचारलं.

"रूथची, बा. सवयीने तिचीही आणली. पण ती नाचली नाही ना, तिला कशी देऊ?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तेवढंच म्हणायचं होतं. मोठी माणसं इतकी सरळ असू शकतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते. आजही ते आठवलं की मी थक्क होते.

कांताबा त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग गॅलरीकडे मान वर करून ओरडल्या, "ए रूथ! नीचे आव, चाल!" ढोल आवरत असलेल्या ढोल्याला म्हणाल्या, "अल्या, हजी एक वगाड." ढोल पुन्हा वाजू लागला आणि रूथ अनवाणीच जिना उतरली. काय नाचली ती! फेर संपल्यावर काकूंनी तिच्या हातात वाटी ठेवली, बाकीच्यांच्या हातात ठेवली होती तशीच.

नवमीला हात जोडण्याचा विषय कुणी काढला नाही. देवीपुढे नैवेद्याचं ताट ठेवण्याआधीच कांताबांनी थोडी बुंदी वाटीत काढून काकूंना दिली. "आ माताजीने धरावेली नथी, एस्तरबेन. खाव." काकूंनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. पुढे हे दरवर्षीचंच झालं.

काकू गेल्या तेव्हा कांताबा पार थकल्या होत्या. तरी माझा दंड धरून चर्चमध्ये आल्या. दाराशी चपला काढल्या. प्रार्थना सुरू झाली. रस्त्यात देऊळ दिसलं तरी रिक्षातून हात जोडणारी ती बाई मान खाली घालून, हात सरळ सोडून उभी राहिली. मला तर तिच्याकडे बघवेना.

सगळं झाल्यावर रूथ आमच्याजवळ आली. कांताबांनी तिला हळूच विचारलं, "बेटा, हुं हाथ जोडुं?"

रूथच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. "मनात असेल तर जोडा, बा."

कांताबांनी शवपेटीकडे पाहिलं आणि हात जोडले.