कोपरावरचे चट्टे आणि कच्चं जेवण

माझ्या कोपरांवर, कानामागे आणि डोक्यात सोरायसिसचे चट्टे आहेत, लग्नाच्या आधीपासूनचे. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. युनिफॉर्म गडद निळा, त्यामुळे खांद्यावर पडलेला कोंडा लांबूनही दिसतो. मलमं झाली, गोळ्या झाल्या, सकाळच्या उन्हात बसून झालं. थोडे दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, "हा आजार जात नाही, सांभाळायचा असतो." ते खरंच होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी निगडीला निसर्गोपचाराच्या एका शिबिराला गेले. शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा तुकतुकीत. गॅसवर चढलेलं काहीच खायचं नाही, दूध-दही-तूप बंद. फळं, कोवळा पाला, काकडी-टोमॅटो-गाजर, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले बदाम-शेंगदाणे, ओलं खोबरं, एवढंच. "उन्हाळाभर करून बघा, मग मला सांगा," असं त्या म्हणाल्या.

आम्ही मोशीत राहतो. सासरच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, पण सासूबाईंनी मागच्या पत्र्याखाली एक म्हैस अजून ठेवली आहे. त्यांना सांगितलं तेव्हा त्या धार काढून नुकत्याच आत आल्या होत्या.

"दूध न्हाई, भाकर न्हाई, मग खानार काय?"

"पाला, फळं, मोडाची मटकी."

"पाला तर म्हशीला बी घालतो आमी," त्या म्हणाल्या आणि दूध तापवायला निघून गेल्या.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. पोट फुगायचं, डोकं दुखायचं. डब्यातली मटकी दुपारपर्यंत आंबून जायची. कॅन्टीनमध्ये सगळे गरम डाळभात कालवत असताना मी गार काकडी चावत बसायचे आणि जो येईल तो विचारायचा, "मॅडम, डाएट का?" उत्तर देऊन देऊन मला वीट आला. शेवटी मी गाड्यांच्या पार्किंगशेजारच्या कट्ट्यावर एकटीच जेवायला लागले.

पण चट्टे खरोखर कमी झाले. आधी कानामागचे गेले, मग कोपरावरची जाड साल निघून खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. कितीतरी वर्षांनी मी बिनबाह्यांचा ड्रेस घालून एका बारशाला गेले.

त्यानंतर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. जीभ लाल झाली, तिखटाचा कणही सोसेना. कंपनीच्या बसच्या पायऱ्या चढताना धाप लागायची. एकदा कंपनीत माप तपासायचं गेज हातात धरून उभी असताना समोरचं सगळं पांढरं झालं आणि मैत्रिणीने मला खुर्चीत बसवलं. भोसरीच्या आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं, हिमोग्लोबिनही कमी.

"तुम्ही मुळात शाकाहारी. दुधातून थोडंफार मिळत होतं, तेही बंद केलंत," ते म्हणाले. "हे असंच चालवायचं असेल तर इंजेक्शनं घ्यावीच लागतील. आणि काहीतरी शिजवून खा हो."

शिबिराच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, शरीर आतली घाण बाहेर टाकतंय, इंजेक्शन अजिबात घेऊ नका. मी फोन ठेवला तो कायमचाच. त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तुमच्या खाण्याचा आणि चट्ट्यांचा संबंध आहे असं काही मी सांगू शकत नाही. मग चट्टे गेले कसे? त्यावर ते म्हणाले, कधीकधी आपोआप जातात. ज्याला विचारावं त्याचं उत्तर पक्कं, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

मी इंजेक्शनं सुरू केली, लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले आणि खाणं मात्र कच्चंच ठेवलं. तरतरी यायला लागली. आता जमलं असं वाटत असतानाच डाव्या कोपरावर पुन्हा खाज सुटली. मी टोमॅटो सोडले. मग शेंगदाणे सोडले. ताटात उरलं होतं तेवढ्यातूनही रोज काहीतरी कमी करत होते, तरी चट्टा पसरतच होता.

एके दिवशी मशीन बंद पडल्यामुळे आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर सासूबाई फ्रीजसमोर उभ्या. मी नारळाचं दूध काढून ठेवायचे, केळं आणि खजूर घालून सकाळी प्यायचे. त्या बाटलीत त्या पातेल्यातलं म्हशीचं दूध ओतत होत्या.

"आई, हे काय करताय?"

त्यांनी पातेलं ओट्यावर ठेवलं. "रोज घालते वाईच. तू चक्कर येऊन पडलीस तवापासनं."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं तर घेतलं असतंस व्हय? तुला काय झालं असतं म्हंजी तुझ्या आईला मी काय तोंड दावलं असतं?"

मला ओरडायचं होतं, पण त्यांच्या आवाजात कसलाच कावा नव्हता. मी बाटली मोरीत रिकामी केली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "मला माहीत होतं. थोडं दूध गेलं पोटात तर काय बिघडलं?" मी त्याच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही.

काय बिघडलं ते मला कुणाला समजावताच येईना. अंगात शक्ती आली ती इंजेक्शनांमुळे की म्हशीच्या दुधामुळे? चट्टा परत आला तो दुधामुळे, की तो तसाही येणारच होता? इतके महिने मन मारून खाल्लं आणि त्यातून मला काहीही कळलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ताकद माझ्यात नव्हती.

आता मी दिवसा कच्चं खाते आणि रात्री सगळ्यांबरोबर डाळ-भाकरी. दूध घेत नाही, इंजेक्शन चुकवत नाही. मुंग्या गेल्या, कोपरावरचा चट्टा आहे. सासूबाई माझ्या डब्याला हात लावत नाहीत, पण वाढताना डाळ दोन पळ्या जास्तच घालतात. मी नको म्हणते, त्या घालतात, आणि मी चिडून का होईना, सगळी संपवते.