आतड्याचा रोजा

सूक्ष्मदर्शकाखाली माणसाचं आतडं आतड्यासारखं दिसत नाही. जेलीच्या थेंबात पोकळ गोळे तरंगत असतात, साबणाच्या फुग्यांसारखे. काही दिवसांनी त्यांना कोंब फुटतात. बराच वेळ बघत राहिलं की एसीची घरघर, बाहेरच्या ट्रकांचे हॉर्न, सगळं लांब जातं. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधोमध मी हेच काम करते. आतड्याचे कण वाढवायचे, त्यांत जुलाबाचे विषाणू सोडायचे आणि पुढे काय होतं ते बघायचं. साहेबांच्या भाषणात याला मानवजातीची सेवा म्हणतात. प्रत्यक्षात दिवसाआड जुनं पाणी काढून नवं पोषक पाणी घालायचं असतं. आम्ही त्याला जेवण देणं म्हणतो.

त्यांतले काही थेंब काळेवाडीतल्या एका गॅरेजवाल्याचे होते. पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी त्याची दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक तुकडा त्याने आम्हाला दिला. कशासाठी हवा आहे, हे त्याला मीच समजावलं होतं. माझी स्कूटरही दुरुस्तीला त्याच्याकडेच असते, त्यामुळे ऑइल बदलताना तो हमखास विचारायचा, "मॅडम, माझा माणूस कसा आहे?"

"वाढतोय."

"खातो का नीट?"

"तुमच्यापेक्षा नीट."

या दुखण्यापायी गेल्या दोन रमजानचे त्याचे रोजे राहून गेले होते. यंदा डॉक्टरांनी परवानगी दिली. एकही रोजा चुकवायचा नाही, असं त्याने घरी सांगून टाकलं होतं. त्या महिन्यात एका संध्याकाळी मी ब्रेक दाखवायला गेले. ऊन पत्र्यावरून उतरत होतं, समोरच्या हातगाडीवर खजूर आणि कापलेलं कलिंगड मांडलेलं होतं आणि रस्त्यावरची वाहनं पाण्याखालून चालल्यासारखी संथ वाटत होती. त्याचे ओठ सुकले होते. ब्रेकची केबल हातात धरून तो थांबला.

"मॅडम, एक विचारू का? हसू नका हां."

"विचारा."

"तुम्ही त्याला दिवसा जेवायला घालता?"

"हो, सकाळी. कामावर गेल्या गेल्या."

"म्हणजे मी इथे उपाशी आणि माझं आतडं तिकडे जेवतंय. मग माझा रोजा झाला की नाही?"

धर्माच्या बाबतीत मी कोरडी आहे. पण इतका नेमका प्रश्न मला कुठल्या परिषदेतही कुणी विचारलेला नव्हता. तिथे जेवण कुठे आहे एवढंच विचारतात.

"मौलानांना विचारा की."

"विचारलं असतं. पण ते आधी विचारतील, आतडं बाहेर गेलंच कसं."

उपाशी ठेवलं तर मरेल, असं मी सांगितलं. गोठवून मात्र ठेवता येतं, ईद झाली की पुन्हा जागं करायचं.

"आणि तुमचं काम?"

"थांबेल," मी म्हणाले, आणि साहेब डोळ्यांपुढे उभे राहिले.

त्याने केबलचं टोक फडक्याने पुसलं. "काम म्हणजे जंतू घालता ना त्याच्यात?"

"याच आठवड्यात घातले."

"म्हणजे तो आजारी आहे!" त्याचा चेहरा सैल झाला. "मग काय, राव! आजाऱ्याला रोजा माफ असतो. खाऊ दे त्याला. बरा झाला की भरून काढेल."

दुसऱ्या दिवशी जेवण देताना माझा हात आपोआप हळू झाला. गोळे फुगले होते, त्यांच्या कडा धूसर झाल्या होत्या. मी बघत राहिले. तापात माणूस असाच पडून असतो, भोवताली सगळे वावरत असतात आणि त्याला त्यातलं काही कळत नाही.

ईदनंतर त्याने विचारलंच, "बरा झाला का?"

आमच्याकडे कुणी बरं होत नाही. मोजमाप झालं की जंतू घातलेल्या थेंबांच्या बशा वाफेच्या भांड्यात जातात, जंतूंसकट सगळं मारायला. मी खरं ते सांगितलं. ज्यांत जंतू घातले नव्हते ते थेंब धडधाकट आहेत, हेही सांगितलं.

"मग त्याचे रोजे राहिले," तो म्हणाला.

"राहिले."

पुढच्या आठवड्यात मी हवा भरायला थांबले होते. शेजारच्या टपरीवरून चहा आला, तेव्हा त्याने आपला ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"अहो, ईद होऊन गेली ना?"

"माझे यंदाचे रोजे झाले सगळे," चाकाशी वाकत तो म्हणाला. "हा त्याचा."