पॅन कोणी सोडायचा

आमच्या कारखान्यात किस्से घडतात हंगामात आणि सांगितले जातात उन्हाळ्यात. गळीत चालू असताना हसायला सवड कोणाला? मे महिन्यात सगळी मशिनरी उघडून ठेवलेली असते, हात ग्रीसने माखलेले असतात, कॅन्टीनचा चहा येतो आणि मग एकेकाला आठवायला लागतं. गेल्या हंगामाचे किस्से जरा वेगळे आहेत. आज सांगताना आम्ही हसतो, पण घडत होते तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली होती.

मी तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट. कारखाना गोदावरीच्या काठचा, सहकारी. नाव कशाला घ्यायचं? उसाचा रस आटून साखर जिथे शिजते, त्या मोठ्या बंद भांड्याला पॅन म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्याला पॅनमन. दाणा तयार झाला की पॅन सोडायचा, म्हणजे खालचं तोंड उघडून माल बाहेर काढायचा. लवकर सोडला तर दाणा कच्चा, उशीर केला तर सगळा माल आतच घट्ट होऊन बसतो. नेमकं कधी सोडायचं ते पॅनमन ठरवतो. आमच्याकडे असे सहा जण.

हंगामाआधी एमडी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, "पॅनवर आता कॉम्प्युटर बसणार. हंगामात ट्रायल घेऊ. ट्रायल पास झाली तर सहाऐवजी दोन माणसं पुरतील."

एवढं बोलून ते टाळ्यांची वाट बघत उभे राहिले.

*

त्याच सुमारास टाइम ऑफिसच्या दारात चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन बसलं. सहा पॅनमनांतला सगळ्यात धाकटा बबन. त्याच्या मिशा एवढ्या झुपकेदार की लांबून आधी मिशा येत आणि मागून बबन.

बबनचे वडील वारले. तेरावा उरकून तो कामावर आला तेव्हा डोकं आणि मिशा दोन्ही साफ. मशीनपुढे उभा राहिला. मशीन म्हणालं, "चेहरा जुळत नाही." पुन्हा उभा राहिला, पुन्हा तेच. घामाघूम होऊन तो लॅबमध्ये माझ्याकडे आला. "सायेब, मला यादीतनं उडिवलं वाटतं. वडलांच्या दुखवट्यात तरी उडवायचं न्हाई ना."

टाइम ऑफिसच्या क्लार्कने डोकं चालवलं. बबनचं जुनं ओळखपत्र काढून त्यावरचा फोटो मशीनपुढे धरला. मशीन लगेच म्हणालं, "धन्यवाद. हजेरी नोंदवली."

पुढचा महिनाभर बबनची हजेरी त्या फोटोनेच लावली. आम्हाला वाटलं, गडी आता निर्धास्त झाला. पण तो दिवसेंदिवस जास्तच सुकत चालला. शेवटी एकदा विचारलं तर म्हणाला, "फोटोवर भागतंय म्हनल्यावर उद्या मला कशाला ठेवत्याल?"

*

मग कॅमेरा आला. पॅनच्या मजल्यावर कोपऱ्यात एक काळा डोळा बसवून गेले.

तिथे एक लोखंडी स्टूल होतं. आठ तासांच्या पाळीत माणूस जरा वेळ टेकणारच. कॅमेरा आल्यापासून त्या स्टुलाकडे कोणी फिरकेना. पाय सुजले, पण सगळे उभे. एकजण तर पाळी सुरू होताना आणि संपताना कॅमेऱ्याला नमस्कार करायला लागला. उगाच कुठे नोंद राहायला नको!

दोन महिन्यांनी इलेक्ट्रिशियन दुसऱ्याच कामाला वर आला आणि हसून सांगून गेला, "अहो, त्याची वायर कुठंच जोडलेली न्हाई. बसवल्यापासनं बंदच हाय तो."

तरीही कोणी बसलं नाही. आमच्यातले सगळ्यात जुने पॅनमन रंगनाथभाऊ, तेही उभेच. मी म्हटलं, "भाऊ, बसा की आता. बंद आहे तो."

भाऊ कॅमेऱ्याकडे पाठ करून हळूच म्हणाले, "आज जोडला नसंल. उद्या जोडला तर मागचं बी दिसत असंल."

*

एकदा सकाळी कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एमडी साहेबांच्या ऑफिसातून मेसेज पडला. "पॅन विभाग. यादी सोबत जोडली आहे. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावे." खाली फाइल.

साहजिकच ती फाइल कोणी उघडेना. उघडली की निळ्या खुणा होतात आणि मग आपल्याला कळलं हे साहेबांना कळतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. एकाने फोन पिशवीत घालून खुंटीला अडकवला. बबनने स्वतःचा बंदच केला. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे समोर ठेवून बसले होते, पण झाकण कोणी उघडलं नव्हतं. एक म्हणाला, "पोरीचं कालेज ह्या वर्षी संपतंय. एक वरीस काढलं असतं तर बरं झालं असतं." मलाही ती उघडून बघायचा धीर झाला नाही. उगाच खोटं का बोलू?

पाच वाजून गेले. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून माणूस खोकी घेऊन आला. यादी गमबुटांची होती. प्रत्येकाने आपल्या पायाचं माप कळवायचं होतं. कोणीच न कळवल्यामुळे सगळ्यांना सात नंबर आले होते.

बबनचा पाय दहा नंबरचा. हंगामभर त्याने ते बूट घातले. बदलून मागायचे म्हणजे साहेबांपुढे जाऊन आपलं नाव सांगायला लागलं असतं!

*

हंगामाच्या तोंडावर, खंडेनवमीला आम्ही अवजारं पुजतो. पाने, हातोडे, पॅनचे व्हॉल्व्ह, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी कॉम्प्युटर नवा होता. त्याला वगळलं तर तो मनात धरील, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यामुळे त्याच्यावर जरा जास्तच हळदकुंकू पडलं. वर नारळाचं पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डची अर्धी बटणं बसली ती उठेचनात. सिस्टीम बसवायला पुण्याहून नीरज नावाचा इंजिनिअर आला होता. तो यायला तासभर होता. पॅनमनच्या तोंडचं पाणी पळालं. काम जाणार म्हणून मुद्दाम मोडला, असाच अर्थ निघणार! बबन टूथब्रश घेऊन बसला आणि एकेका फटीतून कुंकू काढत राहिला. बाकीचे जिन्यावर पहारा देत होते. ज्या यंत्रामुळे घरी बसायची पाळी येणार, ते वाचवायला सहा जण देवाचा धावा करत होते.

नीरज आला, दोन बटणं दाबून बघितली आणि म्हणाला, "इथे दमटपणा फार आहे. आपण नवीन मागवू."

त्या दिवशी बबनने त्याला स्वतःच्या डब्यातली भाकरी खायला घातली.

*

हंगाम सुरू झाल्यावर मला वेगळंच काम मिळालं. रंगनाथभाऊंच्या शेजारी उभं राहायचं आणि ते जे जे करतात ते वहीत उतरवायचं. नीरज ते आकड्यांत बसवून कॉम्प्युटरला शिकवणार. ट्रायल पास झाली तर नव्या कंट्रोल रूमचा इन्चार्ज मी, असं एमडी साहेबांनी मला खाजगीत सांगितलं होतं.

भाऊंची तीस-पस्तीस वर्षं त्या पॅनपाशी गेलेली. नळीतून गरम माल काढायचा, अंगठा आणि बोटात चोळायचा, थोडा काचेच्या पट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरायचा आणि मग म्हणायचं, "अजून न्हाई," नाहीतर "सोडा." नीरज विचारायचा, "काका, माल किती घट्ट लागतो बोटाला?"

"चिकटावा, पन बोट सोडावं त्यानं."

"किती सेकंदांत?"

"माज्या बोटाला घड्याळ न्हाई, सायेब."

नीरजने तीन सेकंद लिहिलं. गंमत म्हणजे ते बरोबर निघालं. भाऊ काहीही लपवत नव्हते. बबन मागून त्यांना खुणा करायचा, सदरा ओढायचा. एकदा तर माझ्यासमोरच म्हणाला, "भाऊ, दोनचार गोष्टी उलट्या सांगा की. सहा घरं हायत."

भाऊ म्हणाले, "उलटं सांगितलं आन पॅन बसला, तर नाव कुनाचं जाईल? माल माज्या हातचा हाय. त्यात खोटं न्हाई व्हनार."

बबन गेल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "समदं लिवून झालं का मग माजं काय करत्यात रं?"

मी वही मिटली आणि चहा सांगितला. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

*

आणि मग शेवटची ट्रायल. सकाळी दहाची वेळ. पॅनच्या मजल्यावर एमडी साहेब, तीन संचालक, नीरज, शेजारी मी. पाळी रंगनाथभाऊंची. बाकीचे पाच पॅनमन सुट्टी असूनही येऊन जिन्यात उभे होते. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायचा धीरही कोणाला झाला नाही.

स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. नीरजचा आवाज जरा चढला. "साहेब, सिस्टीम म्हणते पॅन सोडा. आता पॅनमननीही हेच सांगितलं की ट्रायल पास."

भाऊंनी माल काढला. बोटात चोळला. काच दिव्यासमोर धरली. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, हातात भिंग. मी बघितलं. दाणा एकसारखा, टपोरा, पुरा तयार. कॉम्प्युटर शंभर टक्के बरोबर होता.

 भाऊंनी काच खाली घेतली, पुन्हा वर धरली. मग म्हणाले, "थांबा. दोन मिनिटं."

जिन्यात कोणीतरी श्वास सोडल्याचा आवाज आला. एमडी साहेब माझ्याकडे वळले. "केमिस्ट, तुमचं काय म्हणणं?"

मला पहिल्यांदा कंट्रोल रूम दिसली. मग जिन्यातली माणसं. बबनने हात जोडले होते की तो कठडा धरून उभा होता, ते अजून मला नक्की सांगता येत नाही. जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाने आज खोट्यासाठी तोंड उघडलं आहे आणि त्याला उघडं पाडणारा मी एकटाच आहे, एवढंच डोक्यात होतं. 

मी म्हटलं, "थांबायला पाहिजे, साहेब."

ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. माल आत बसला असता तर माझी नोकरी त्याच जिन्यावरून खाली गेली असती. भाऊंनी "सोडा" म्हटलं. माल सळसळत खाली आला. साखर सुरेख निघाली.

एमडी साहेबांनी ती तळहातावर घेऊन संचालकांना दाखवली. "बघा, यंत्र चुकलं असतं. शेवटी अनुभव तो अनुभव." नीरज स्क्रीनकडे बघतच राहिला. दुसऱ्याच दिवशी ऑर्डर निघाली की पॅनमनच्या होकाराशिवाय कोणताही पॅन सोडायचा नाही, आणि सहाही जण आपापल्या जागी राहतील. बबनने खात्याखात्यांत फिरून पेढे वाटले.

ट्रायलच्याच दुपारी पाळी संपल्यावर भाऊ नळावर काच धूत होते. मी जवळ गेलो. इकडेतिकडे बघून म्हटलं, "भाऊ, दाणा तयार होता."

त्यांनी नळ बंद केला. "व्हता?"

"होता की. मी भिंगातून बघितला."

भाऊ माझ्या आणखी जवळ सरकले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला कुठं दिसतोय दाना. दिवाळीपासनं समदं धुकट हाय. बोटावर भागवत व्हतो, पन आज हात लई कापत व्हता, बोटाला बी काय कळंना. म्हनलं आपन थांबा म्हनावं, केमिस्ट खरं काय ते सांगंलच. तू बी थांबा म्हनलास, तवा मला वाटलं लईच कच्चा हाय."

त्यांनी काच सदऱ्याला पुसली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या पैली पाळी हाय माजी. डाव्या अंगाला उभा ऱ्हा."